बाबा गेल्यावरच्या कागदपत्रांसाठी सर्विस घेतली होती, त्याचा ७ महिन्यांचा अनुभव

ज्यांच्या घरी नुकतंच कोणी गेलं आहे आणि आता बँक, पीएफ, सातबारा हे सगळं समोर उभं आहे त्यांच्यासाठी लिहून राहिली आहे. ऑफिसचं नाव टाकत नाही कारण खाली एक तक्रारपण लिहिली आहे आणि ती नावासकट लिहिणं मला बरोबर वाटत नाही. नागपूरच्या सिव्हिल लाईन्समध्ये, कोर्टापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. एक रिटायर्ड बँक ऑफिसर काका, एक वकील ताई आणि टायपिंग करणारा एक मुलगा, एवढीच माणसं.

बाबा मागच्या नोव्हेंबरात गेले. ५४ वर्षांचे होते, हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत फिटर, १९९४ पासून तिथेच. सकाळी छातीत दुखून राहिलं म्हणाले, धंतोलीच्या हॉस्पिटलात नेलं, रात्री गेले. दुसऱ्या दिवशी मानेवाडा घाट, दहावं रामटेकला अंबाळ्यावर, मग तेरवी. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं आणि चौदाव्या दिवशी मी, आई, आजी आणि माझा १९ वर्षांचा भाऊ एवढेच उरलो, आणि बाबांची एक जुनी प्रवासाची बॅग जिच्यात सगळे कागद कोंबलेले. आईने कधी बँकेत एकटीने पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं मी शिकलेली आहे, करून घेईन. एक महिना मी एकटीच फिरली आणि त्या महिन्यात फक्त मृत्यूचा दाखला हातात आला, तोही चुकीचा.

दाखल्याचं आधी सांगते कारण सगळं तिथूनच अडतं. मृत्यूची नोंद घर महानगरपालिकेच्या ज्या झोनमध्ये आहे तिथे होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. आम्ही आमच्या हनुमान नगर झोनला दोन चकरा मारल्या तेव्हा हे कळलं. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर कळवायचं काम हॉस्पिटलचं असतं, घरी झाला तर डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि घाटावरची पावती लागते, म्हणून ती पावती घाटावरून येताना कोणाच्या खिशात गेली ते त्याच दिवशी विचारून घ्या. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर लेट फी नाही, ३० दिवसांपर्यंत लेट फी भरून होते, त्यापुढे परवानगी लागते आणि वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरपर्यंत जावं लागतं. आमची नोंद वेळेत झाली पण नाव चुकलं. आधारवर आजोबांच्या नावापुढे 'राव' आहे, पीएफमध्ये 'जी' आहे आणि हॉस्पिटलने दोन्ही गाळून नुसतं नाव पाठवलं. विदर्भातल्या घराघरात हे राव आणि जी आहेत, जिवंतपणी कोणी बघत नाही. हॉस्पिटलमध्ये फॉर्म भरताना आम्ही कोणीच शुद्धीत नव्हतो, मामाने जे तोंडी सांगितलं ते लिहिलं गेलं. घरातल्या एका तरी माणसाने तेव्हा आधार कार्ड समोर ठेवून स्पेलिंग तपासावं. दुरुस्तीसाठी अर्ज, आधार, अ‍ॅफिडेव्हिट, तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत बँकेत नॉमिनी कोण ते सांगायलाही नकार मिळाला, पीएफचं कुठून सुरू करायचं ते कळेना, आणि मग शेजारच्या काकूंनी या ऑफिसचं सांगितलं.

पहिल्या दिवशी काय झालं ते नीट लिहिते कारण माझं मत त्या दिवसावरच बनलं. मी बॅग घेऊन गेली. काकांनी ती टेबलवर उलटी केली नाही, मला म्हणाले तूच एकेक काढ बेटा. एक एक कागद बघून त्यांनी चार गठ्ठे केले. मग बाबांचं पासबुक घेतलं आणि मागच्या पानापासून बोट फिरवायला लागले. मी विचारलं काका काय शोधून राहिले, तर म्हणाले थांब. मे महिन्याच्या शेवटाला बोट थांबलं. ४३६ रुपये कटलेले. आदल्या वर्षी मेमध्ये पुन्हा ४३६. अजून मागे गेले तर ३३०. म्हणाले, "तुझ्या बाबांनी प्रधानमंत्री जीवन ज्योतीचा विमा काढलेला आहे, २ लाख आहेत, घरी कोणाले माहीत आहे का?" कोणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही. त्या ओळीवरून माझी नजर महिनाभरात दहा वेळा तरी गेली असेल, मला वाटलं बँकेचा काही चार्ज असेल. मी तिथेच रडली. काकांनी पाण्याचा ग्लास सरकवला आणि काही न बोलता दुसरा गठ्ठा बघत बसले.

तर तुमच्या घरी पासबुक असेल तर आज बघा. ४३६ म्हणजे जीवन ज्योती, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख, ५५ वयापर्यंत. २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा, तो फक्त अपघाताचा. क्लेम त्याच बँकेच्या ब्रँचमध्ये द्यायचा आणि उशीर करू नका.

दुसरं त्यांनी विचारलं ते मोबाईलचं. आई बाबांचं सिम बंद करायला सांगून राहिली होती कारण फोन वाजला की तिला सहन होत नव्हतं. काका म्हणाले सायलेंट करा, ड्रॉवरमध्ये ठेवा, पण रिचार्ज चालू ठेवा, पीएफ, आधार, इन्कम टॅक्स सगळ्याचे मेसेज त्याच नंबरवर येतात, एकदा नंबर गेला की दुसऱ्याला मिळतो. आणि एटीएम कार्ड कोणाकडे आहे विचारलं. तेरवीच्या खर्चासाठी मामाने त्या कार्डने १० हजार काढले होते, वाईट हेतू काहीच नव्हता, पण काका स्पष्ट बोलले की माणूस गेल्यावर त्याचं कार्ड, यूपीआय काहीही वापरायचं नाही, उद्या वारसांपैकी एकाने जरी विचारलं तर मामा अडचणीत येतील. ते १० हजार आम्ही कागदावर लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवले.

मग फीची गोष्ट. ३ हजार सुरुवातीला, एकूण १२ हजार, स्टॅम्प आणि नोटरी वेगळे. आणि तेव्हाच त्यांनी सांगितलं की यातली कोणती कामं आम्हाला देऊ नका. गाडी, लाईट बिल, पाण्याचं बिल, मालमत्ता कर आणि काटोलकडच्या शेतीची वारस नोंद, हे तुम्ही स्वतः करा, त्याचे पैसे आम्हाला कशाला देता. याआधी ज्या एका एजंटकडे मी गेली होती त्याने याच सगळ्या कामांचे धरून ४० हजार सांगितले होते आणि वर म्हणाला होता की ताई सक्सेशन सर्टिफिकेट तर लागतेच. आम्हाला ते, म्हणजे वारस असल्याचं कोर्टाचं सर्टिफिकेट, लागलंच नाही.

याचं कारण समजून घ्या, कारण भीती यावरूनच दाखवतात. बँक खात्याला नॉमिनी असेल किंवा खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांच्या नावाचं आणि मागे राहील त्याला पैसे मिळतील असं असेल तर बँकेने सक्सेशन सर्टिफिकेट किंवा इंडेम्निटी बाँड, म्हणजे नुकसान झालं तर भरून देण्याची हमी, मागायचा नाही, रक्कम कितीही असो. नॉमिनी नसेल तरी आरबीआयने सप्टेंबर २०२५ मध्ये जे नियम काढले, जे बँकांनी ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायचे होते, त्यात १५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे, सहकारी बँकांना ५ लाखांपर्यंत. कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत क्लेम द्यायचा. आमच्या ब्रँचमध्ये काउंटरवर तोंडी सांगून तीनदा परत पाठवलं होतं. काकांनी एकच केलं, अर्जाच्या खाली जोडलेल्या कागदांची यादी टाईप केली आणि म्हणाले दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नको. शिक्का मिळाल्यापासून बाराव्या दिवशी पैसे आईच्या खात्यात आले. अर्थात त्याआधी आईचं एकटीच्या नावाचं खातं काढावं लागलं, तेही पहिल्या आठवड्यातच करून टाका, सगळे पैसे त्यातच येतात.

पण नॉमिनी म्हणजे मालक नाही हे पण त्यांनी आम्हा चौघांना बसवून सांगितलं. नॉमिनी पैसे घेतो, वारसांच्या वतीने सांभाळतो. आणि वारस कोण, तर इथे आमच्या घरात सगळे गप्प झाले, कारण आम्ही धरून चाललो होतो की आई, मी आणि भाऊ. हिंदू वारसा कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर, गेलेल्या माणसाची आई पण पहिल्या वर्गातली वारस असते, बायको आणि मुलामुलींच्या बरोबरीने. म्हणजे बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या आमच्या मानेवाड्याच्या घरात आजीचा चौथा हिस्सा आहे. आजी ७८ वर्षांची, लेक गेल्यापासून जेवत नव्हती, आणि तिला कोणी वारस म्हणून मोजलंच नव्हतं.

इथे मला त्या काकांबद्दल फार आदर वाटला. माझे एक दूरचे नातेवाईक लगेच म्हणाले की म्हातारीचा अंगठा आत्ताच हक्कसोडपत्रावर घेऊन टाका, नंतर काकालोक हिस्सा मागतील. ऑफिसला यातून फी मिळाली असती. काका म्हणाले, "आजींच्या सहीची घाई करू नका, आधी त्यांना काय सोडून राहिले ते समजू द्या." आजीला दोन जिने चढवत नाहीत, म्हणून पीएफच्या कागदांच्या दिवशी ते स्वतः खाली आले, ऑटोत तिच्या बाजूला बसले आणि प्रत्येक कागद वऱ्हाडीत वाचून दाखवला, यात काय लिहिलं आहे, हे पैसे कशाचे आहेत, यात तुमचं पण आहे माय. आजी ऐकत होती आणि प्रत्येक वेळी विचारत होती, "हा त्याच्या कंपनीचा आहे का?" मग अंगठा. शाई पुसायला काकांनी स्वतःचा रुमाल दिला. घर आजही आम्ही चौघांच्या नावावर ठेवलं आहे, हक्कसोडपत्र केलं नाही, आणि आजी तेव्हापासून जेवायला लागली असं आई म्हणते.

पीएफचं काम या सर्विसचं सगळ्यात मोठं काम होतं. बाबा १९९४ ला लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, त्यांनी नॉमिनी म्हणून आजीचं नाव टाकलं आणि नंतर कधी बदललं नाही, ऑनलाईन ई-नॉमिनेशनपण केलं नाही. आम्हाला वाटलं सगळं आजीच्या नावाने निघेल. वकील ताईंनी सांगितलं की पीएफच्या नियमात लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन कुटुंब झाल्यावर आपोआप रद्द होतं, मग रक्कम नियमाप्रमाणे कुटुंबातल्या लोकांत वाटली जाते. हे कंपनीच्या ऑफिसातल्या माणसालाही माहीत नव्हतं. मृत्यूच्या केसमध्ये एकच कॉम्पोझिट फॉर्म भरायचा, त्यात पीएफ, पेन्शन आणि ईडीएलआयचा विमा तिन्ही येतात. ईडीएलआय म्हणजे नोकरीत असताना माणूस गेला तर मिळणारी रक्कम, जास्तीत जास्त ७ लाख, आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक रुपयाही कटत नाही म्हणून स्लिपवर दिसतच नाही, म्हणून लोकांना माहीतच नसतं. कंपनीने आम्हाला याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. आईला विधवा पेन्शन सुरू झाली, भावाला २५ वयापर्यंत मुलांची पेन्शन मिळते ती पण सुरू झाली, ती आईच्या पेन्शनच्या २५ टक्के असते. ग्रॅच्युइटी वेगळी, ती कंपनीकडूनच, आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, ग्रॅच्युइटीची ५ वर्षं नोकरीची अट मृत्यू झाला तर लागत नाही. आमच्या ओळखीत एका मुलाचे ३ वर्षं नोकरी होऊन अपघातात निधन झालं, त्याच्या घरच्यांना काहीच मिळणार नाही असं सांगून परत पाठवलं होतं, मी त्यांना याच ऑफिसात पाठवलं.

आता तक्रार. घराच्या कागदांचा पहिला ड्राफ्ट आला तेव्हा त्यात माझं हक्कसोडपत्र तयार होतं. माझं नाव, माझं वय, 'मी माझ्या राजीखुशीने भावाच्या लाभात हक्क सोडत आहे'. मला कोणी विचारलंच नव्हतं. टायपिंग करणाऱ्या मुलाने सरळ सांगितलं की ताई बहिणीचं नेहमी असतेच, आमचा फॉर्मॅटच तसा आहे. मला त्या दिवशी किती राग आला ते मी इथे नीट सांगूपण शकणार नाही. बाबांच्या दवाखान्याचं बिल मी भरलं, भावाची फी मी भरते, आणि मला हक्क सोडायचा असेल तर तो मी सोडेन, फॉर्मॅट सोडणार नाही. काकांना दाखवलं तर त्यांनी माफी मागितली, माझ्यासमोर तो कागद फाडला आणि त्या मुलाला सांगितलं की कॉम्प्युटरमधूनही काढ. पण एखादी मुलगी रडत रडत, न वाचता सही करून गेली असेल त्याचं काय. या ऑफिसात जा, नक्की जा, पण बहिणींनो प्रत्येक पान वाचा. याच एका गोष्टीसाठी मी एक स्टार कमी दिला आहे.

दुसरी छोटी तक्रार म्हणजे फोन उचलत नाहीत. दुपारी ३ नंतर तर नाहीच. मेसेज टाकला तर रात्री उत्तर येतं, पण येतं.

आम्ही स्वतः केलेल्या कामांचं थोडक्यात. काटोलकडच्या शेतीची वारस नोंद आमच्या घरच्या काकांनी आणि भावाने केली. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे अर्ज दिला, ई-हक्क पोर्टलवरूनही देता येतो. ३ महिन्यांच्या आत कळवायचं असतं. मग नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम निघाली तेव्हापासून गावात लोकांना याची माहिती झाली आहे, नाहीतर आमच्या सातबारावर आजोबांच्या मोठ्या भावाचं नाव कितीतरी वर्षं तसंच होतं. गाडी बाबांची एमएच ३१ ची आहे, आरटीओत फॉर्म ३१ द्यायचा, त्यालाही ३ महिनेच. लाईट बिलाचं नाव ऑनलाईन झालं. पाण्याच्या बिलावर अजून बाबांचंच नाव आहे, आईनेच सांगितलं की राहू दे थोडे दिवस.

घराचं मात्र वकील ताईंकडेच होतं कारण आमचा प्लॉट लेआऊटमधला, एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, त्याची डिमांड म्हणजे मागितलेली रक्कम भरल्याच्या पावत्या, हे सगळं बाबांनी जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं. ज्यांचे प्लॉट असे आहेत त्यांनी आई-वडील असतानाच एकदा मूळ आरएल कुठे ठेवलं आहे ते विचारून घ्या. अ‍ॅफिडेव्हिटला ५०० चा स्टॅम्प लागला, ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही, पण तहसीलच्या दाखल्यांसाठीचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं, तिथे कोणी ५०० चा स्टॅम्प घ्यायला लावत असेल तर घेऊ नका.

एक काम अडलेलं आहे. एका पतसंस्थेत बाबांचे ३८ हजार आहेत, नॉमिनी नाही, आणि ते कोर्टाचं सर्टिफिकेट मागून राहिले. पतसंस्था ही बँक नाही म्हणून आरबीआयचा तो नियम तिथे लागत नाही. काकांनी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करून दिला आहे, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

जाणार असाल तर, सकाळी ११ ला जा, शनिवारी २ पर्यंत असतात, रविवारी बंद. दाखल्याच्या १० प्रती आधीच काढून न्या, मूळ कागद ते ठेवून घेत नाहीत, बघून लगेच परत देतात. झेरॉक्स खालीच आहे. पासबुक मात्र मूळच न्या आणि जुनी भरलेली पासबुकंपण, फेकली नसतील तर. घरात वयस्कर कोणी असेल तर आधी फोन करून सांगा, काका खाली येतात.